अंमलदाराचा कान व कादंबरीकाराची लेखणी

गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या सरकारी अंमलदाराचे पहिले कर्तव्य मौन हे होय. कादंबरीकाराचे पहिले कर्तव्य सांगणे हे होय. एकाने जे ऐकले ते वरिष्ठांच्या कानी घालून पोटात ठेवावयाचे. दुसऱ्याने जे ऐकले ते चारचौघांपुढे मांडावयाचे. हे दोन्ही धर्म एकाच माणसाच्या वाट्यास आले म्हणजे त्याच्या आयुष्याचे काय होते, हा प्रश्न मोठा मननीय आहे.

अशी माणसे लंडनसारख्या दूरच्या शहरांतच निपजतात, असा पुष्कळांचा समज असतो. पण त्यांतील अगदी सुरुवातीचा एक माणूस आपल्याच मुलखात वावरला. आळंदच्या वायव्येस नळदुर्गाचा किल्ला आहे, त्याच्या पुढे तुळजापूर आहे आणि दक्षिणेस भीमा ओलांडून गेल्यावर सुरपूर आहे. ह्या टापूत ज्याने आपल्या उमेदीची वर्षे घालविली, गुन्हेगारांचे जबाब ऐकले, संस्थानिकांची गुपिते जतन केली आणि ज्याच्या कादंबरीने १८३९ साली इंग्लंडातील वाचकांची झोप उडविली, त्या कर्नल फिलिप मेडोज टेलर ह्यांची ओळख आम्ही आज आमच्या वाचकांस करून देणार आहो.

पंधरा वर्षांचा पोरगा

टेलर ह्यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील लिव्हरपूल येथे झाला. घरची स्थिती खालावल्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांस मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीसाठी धाडण्यात आले. येथे येऊन पाहतात तो पेढीच डबघाईस आलेली. सुदैवाने मुंबई सरकारात त्यांचे एक वजनदार आप्त होते. त्यांच्या खटपटीने १८२४ साली ह्या मुलास हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

त्या काळी निजामाच्या राज्यात इंग्रज देखरेख-अधिकारी नेमलेले असत. टेलर ह्यांनी हिंदुस्थानी व मराठी भाषा मन लावून आत्मसात केल्या, आणि त्याच बळावर विशीच्या आतच त्यांस राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलीस खात्याचे साहाय्यक अधीक्षक नेमण्यात आले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या वयात आपली मुले कॉलेजाच्या पहिल्या वर्षात असतात, त्या वयात हा पोरगा शेकडो गावांचा फौजदार झाला.

त्यांच्या न्यायाची एक गोष्ट त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. काही बंजारी लोक त्यांच्याकडे फिर्याद घेऊन आले की, बाजारातील वाणी पिठात वाळू मिसळतात. टेलर ह्यांनी त्या वाण्यांस बोलावून आणले, प्रत्येकाकडून शेरभर पीठ मागविले आणि ते त्यांनी स्वतःच सर्वांदेखत खावे असा हुकूम केला. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच होऊ लागली. दंड घ्या, पण हे खावयास लावू नका, अशी विनवणी वाणी करू लागले. लोकांस हा न्याय फार आवडला. 'मेडोज' हे नाव गावकऱ्यांच्या जिभेवर बसणारे नव्हते. तेव्हा त्यांनी त्याचे 'महादेव बाबा' करून टाकले.

गोष्ट हसण्यासारखी आहे. पण तीत ह्या माणसाचा सर्वांत मोठा गुण दिसून येतो. तो गरिबांचे म्हणणे दुभाष्याविना, त्यांच्याच बोलीत ऐकून घेत असे. हा कान हेच त्याचे भांडवल होते. त्याच्यावरच त्याची नोकरी चालली, आणि पुढे त्याच्यावरच त्याची लेखणी चालली.

हिंगोलीचा सभ्य व्यापारी

ह्याच काळात रस्त्यांच्या कडेला वाटसरूंची प्रेते पुरलेली सापडू लागली. अंगावर शस्त्राची जखम नाही आणि मारणाऱ्याचा मागमूस नाही. टेलर चौकशीस लागले. परंतु १८२९ साली निजामाच्या गादीवर नासिरुद्दौला आले व त्यांच्या इच्छेवरून इंग्रज देखरेख-अधिकारी काढून घेण्यात आले. टेलर ह्यांस पलटणीत परत जावे लागले आणि शोध अर्धवट राहिला. आपण तेथे राहिलो असतो तर ठगीचा भेद जगापुढे प्रथम आपणच केला असता, ही रुखरुख त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली. तो मान जबलपूरकडील अधिकारी विल्यम स्लीमन ह्यांस मिळाला.

ठगांची रीत आमच्या वृद्ध वाचकांनी ऐकली असेल. ते साध्या प्रवाशांच्या वेषात वाटसरूंच्या तांड्यात मिसळत, दिवसचे दिवस त्यांच्याबरोबर चालत, जेवत, गोष्टी सांगत. मग ठरलेली खूण होताच रुमालाचा फास गळ्यात पडे. कोणी गोड बोलून सावज आणावयाचे, कोणी फास टाकावयाचा, कोणी खड्डा खणावयाचा, अशी कामे वाटलेली असत. त्यांची स्वतःची एक सांकेतिक बोलीही होती. तिचा कोश स्लीमन ह्यांनी १८३६ साली छापला.

टेलर ह्यांनी सांगितलेली हिंगोलीची हकीकत तर ऐकणाऱ्यास सुन्न करते. हिंगोली येथे तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होती. तेथे हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. स्वतः टेलर ह्यांनीही त्याच्याशी देवघेव केली होती. एकदा ह्या हरीसिंगाने मुंबईहून कापड आणण्यासाठी तेथील अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. दुसरा एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे हे त्यास ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्यास व त्याच्या सर्व माणसांस वाटेत ठार केले, तोच माल सरकारी परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणीत उघड्यावर विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले, आणि तेही मोठा विनोद केल्याच्या तोऱ्यात!

अंमलदाराने परवाना दिला, छावणीने कापड विकत घेतले, आणि कापडावरील रक्त कोणास दिसले नाही. दुहेरी आयुष्य म्हणजे काय ते टेलर ह्यांस प्रथम ह्या ठगांनी शिकविले असे आम्हांस वाटते.

ठगाचा कबुलीजबाब

स्लीमन ह्यांनी ठगांचा बीमोड केला तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या साहाय्याने. पकडलेल्या ठगास सांगावयाचे की, तू आपल्या साथीदारांची नावे सांग, पुरलेली प्रेते दाखव, म्हणजे तुझा जीव वाचेल. असे साक्षीदार १८३२ साली निजामाच्या मुलखातही आणण्यात आले. त्यांचे जबाब घेण्याच्या कामास टेलर ह्यांनी हातभार लावला. ह्या ठगांत अमीर अली नावाचा एक होता. आपल्या हातून ७१९ माणसे मेली असे तो हिशेब सांगावा तसे सांगत असे.

पुढे प्रकृती बिघडल्यामुळे टेलर रजेवर इंग्लंडास गेले, आणि १८३९ साली त्यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', म्हणजे 'ठगाचा कबुलीजबाब', ही कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यात अमीर अली साहेबासमोर बसून आपली कथा सांगतो, व साहेब मध्येच एखादा प्रश्न विचारतो. तरुण राणी व्हिक्टोरिया ह्यांस ती इतकी आवडली की, छापखान्यातून तपासून निघणारी पाने त्यांनी आपणांकडे मागवून घेतली, असे टेलर सांगतात.

ह्या पुस्तकास जोडलेल्या प्रस्तावनेत एक तक्ता आहे. त्यात १८३१ ते १८३७ ह्या सात वर्षांत पकडलेल्या ठगांची संख्या ३,२६६ दिली आहे. त्यांपैकी ४१२ फाशी गेले, १,०५९ काळ्या पाण्यावर गेले, आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले. हा शेवटचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. फाशी गेलेल्यांपेक्षा बोलून सुटलेले अधिक होते!

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. पहिली ही की, जीव वाचविण्यासाठी बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेले सर्वच सत्य असते असे नव्हे. हल्लीचे इतिहाससंशोधक ठगीच्या जुन्या कागदांकडे ह्याच शंकेने पाहतात. ठग म्हणजे देवीच्या नावाने चालणारा एकच देशव्यापी पंथ, हे चित्र साक्षीदारांनी व अधिकाऱ्यांनी मिळून बरेच फुगविले, असे पुष्कळांचे मत आहे. १८३६ च्या कायद्याने अमुक खून केला हे सिद्ध न होताही, केवळ ठगांच्या टोळीत असणे जन्मठेपेस पुरेसे ठरले. ह्याच विचारसरणीतून पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि संपूर्ण जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. सोलापूरची 'सेटलमेंट' आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तारेच्या कुंपणाआड तेथे ह्या लोकांची कुटुंबे ठेवीत असत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांच्यावरील हा शिक्का कायद्याने पुसला गेला. परंतु लोकांच्या मनातून तो पुसला गेला आहे काय, हे प्रत्येकाने आपणांस विचारावे.

दुसरी गोष्ट 'कबुली' ह्या शब्दाची. आपण कॅथलिक लोक पापनिवेदन म्हणजे काय ते लहानपणापासून जाणतो. तेथे मनुष्य स्वतःची पापे सांगतो, दुसऱ्याची नव्हे. तेथे पश्चात्ताप हा प्राण आहे, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर कायमचे कुलूप आहे. ठगाच्या जबाबात नेमके ह्याच्या उलट होते. तो साथीदारांची नावे सांगून जगतो, आणि आपल्या कृत्यांची त्यास लाजही वाटत नाही. टेलर ह्यांच्या कादंबरीचे सामर्थ्य हे की, पश्चात्तापावाचून केलेली कबुली किती भेसूर असते ते ती न सांगता दाखविते. अमीर अली बापासारखा प्रेमळ आहे, मित्रास जागणारा आहे, गोड बोलणारा आहे. आणि तरीही खुनी आहे. अंमलदाराच्या कागदावर तो एक क्रमांक होता. कादंबरीकाराच्या कागदावर तो माणूस झाला. वाचकास त्याचा राग येतो, आणि हा आपल्यासारखाच बोलतो ह्याची भीतीही वाटते.

एका घराण्याचे गुपित

१८४१ साली टेलर ह्यांस सुरपूर संस्थानात पाठविण्यात आले. ते बेडर नायकांचे संस्थान होते. लवकरच राजा कृष्णप्पा नायक वारले. त्यांचा मुलगा वेंकटप्पा नायक लहान होता. दरबारात राणी ईश्वरम्मा व तिचे विरोधक ह्यांच्यात चुरस चालू होती. टेलर तेथे राजकीय प्रतिनिधी म्हणून १८५३ पर्यंत राहिले. त्यांनी रस्ते केले, तलावांची कामे केली, हिशेब लावले. सुरपूरच्या टेकडीवरील त्यांचा बंगला 'टेलर मंझिल' ह्या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षांत ते लंडनच्या 'टाइम्स' पत्रासाठी हिंदुस्थानची वार्तापत्रेही लिहीत होते. म्हणजे एकाच टेबलावर एका बाजूस सरकारास जाणारा अहवाल, दुसऱ्या बाजूस वर्तमानपत्रास जाणारा मजकूर, आणि मनात पुढच्या कादंबऱ्यांची बीजे! त्यांच्या पत्नी मेरी पामर ह्या हैदराबादचे सावकार विल्यम पामर ह्यांच्या कन्या. त्या १८४४ साली वारल्या, आणि एकाकी झालेल्या ह्या माणसाने त्या पोरक्या राजपुत्रास मुलासारखे वाढविले. मुलगा त्यांस 'अप्पा' म्हणत असे.

दरबारातील एक गुपित टेलर ह्यांस सांगण्यात आले होते. ज्योतिषांनी मुलाच्या पत्रिकेवरून भाकीत केले होते की, तो चोविसाव्या वर्षी राज्य गमावून मरेल. टेलर ह्यांनी ते गुपित मनात ठेवले. आपली श्रद्धा असल्या भाकितांवर नाही. पण घरातील माणसांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर न फोडणे ह्यास श्रद्धेचा नव्हे, सचोटीचा संबंध असतो.

१८५३ साली राजा वयात आला आणि टेलर नळदुर्ग जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर झाले. पुढे १८५७ चा वणवा पेटला. तरुण वेंकटप्पाने फेब्रुवारी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, त्याचा पराभव झाला, आणि हैदराबादेस तो कैद झाला. टेलर त्यास तुरुंगात भेटावयास गेले.

हा ह्या आयुष्यातील खरा कसोटीचा प्रसंग होय. समोर बसलेला कैदी म्हणजे मांडीवर खेळविलेला मुलगा, आणि स्वतः तर सरकारचे अंमलदार. राजास उठावणीची चिथावणी कोणी दिली, ती नावे सरकारास हवी होती, आणि ती काढून घेण्यास 'अप्पा' इतका योग्य माणूस दुसरा कोण असणार? टेलर ह्यांच्याच लेखनावरून दिसते की, राजाने दुसऱ्यांची नावे सांगून जीव वाचविण्यास साफ नकार दिला. आपणांस चोरासारखे फाशी देऊ नये, तोफेच्या तोंडी द्यावे, आणि काळ्या पाण्यावर पाठविण्यापेक्षा मरण बरे, एवढेच त्याचे मागणे होते. ज्या माणसाने शेकडो माफीच्या साक्षीदारांच्या युगात आपले नाव कमावले, त्यास त्याच्या मुलाने माफीचा साक्षीदार होण्याचे नाकारले!

फाशीची शिक्षा प्रथम जन्मठेपेवर व मग चार वर्षांच्या कैदेवर आली. कैद भोगून राजास पुन्हा संस्थान मिळण्याची आशाही होती. परंतु मद्रासकडे जाताना पहिल्याच मुक्कामी, बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून तो मेला. तो अपघात होता की आत्मघात, ते देवास ठाऊक. तेव्हा त्यास चोविसावे वर्ष चालू होते.

जे अहवालात गेले नाही

टेलर १८६० साली निवृत्त होऊन इंग्लंडास परतले. मग त्यांनी शंभर शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या रचल्या: १६५७ च्या काळावरील 'तारा' १८६३ साली, १७५७ वरील 'राल्फ डार्नेल' १८६५ साली, आणि १८५७ वरील 'सीता' १८७२ साली. 'तारा' ही आपल्या ह्याच मुलखाची कथा आहे. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या आहे, आणि अफझलखानाच्या मोहिमेचा काळ तीत रंगविला आहे. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मांतों येथे टेलर ह्यांचा अंत झाला. दुसऱ्या वर्षी त्यांच्या कन्येने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

ह्या आत्मचरित्रातच तुरुंगातील ती भेट आली आहे. सरकारास हवी असलेली नावे त्या भेटीतून मिळाली नाहीत. अंमलदाराच्या दृष्टीने ती भेट निष्फळ ठरली. परंतु लेखकाने ती जशी घडली तशी लिहून ठेवली, आणि बंडखोर ठरलेल्या एका तरुणाचा मानीपणा जगास कळला. सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या १८५७ वरील ग्रंथात राजाची थोरवी गायिली, ती ह्याच इंग्रज अंमलदाराच्या साक्षीवरून. पुढे ठगी खात्याचे काम १९०४ साली मध्यवर्ती गुन्हेवार्ता खात्याकडे गेले, आणि त्यातूनच आजच्या भारत सरकारचा इंटेलिजन्स ब्यूरो उदयास आला. म्हणजे टेलर ह्यांनी ज्या कामास हातभार लावला, त्याची पाळेमुळे आजच्या गुप्तवार्ता खात्यापर्यंत पोहोचतात.

पुढचे वारस

विसाव्या शतकात ह्या दुहेरी जीवनाची उदाहरणे वाढली. डेव्हिड कॉर्नवेल हे नोकरीत असताना स्वतःच्या नावाने कादंबरी छापण्याची मुभा नसल्यामुळे 'जॉन ल कारे' हे टोपणनाव घेऊन लिहू लागले. त्यांची पहिली कादंबरी १९६१ ची. कॅथलिक वाचकांस ग्रॅहम ग्रीन हे नाव अधिक जवळचे वाटेल. १९२६ साली ते पवित्र सभेत आले, आणि १९४१ साली ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यात गेले. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन येथील त्यांच्या नेमणुकीतून 'द हार्ट ऑफ द मॅटर' ही १९४८ ची कादंबरी निघाली. तिचा नायकही एक पोलीस अधिकारीच आहे.

ग्रीन ह्यांचे खात्यातील वरिष्ठ व स्नेही किम फिल्बी हे वास्तविक रशियाचे हेर होते. १९६३ साली ते मॉस्कोस पळाले. १९६८ साली फिल्बींच्या आत्मकथेस ग्रीन ह्यांनीच प्रस्तावना लिहिली आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. देशाशी निष्ठा की मित्राशी, हा वाद येथे मिटविण्याचा आमचा विचार नाही. हैदराबादच्या तुरुंगात टेलर ज्या पेचात सापडले होते, तोच पेच शंभर वर्षांनी लंडनच्या माणसासही सुटला नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

आपणांसाठी

कोणी म्हणेल, खेड्यातील कुटुंबांस ह्या गोष्टीशी काय कर्तव्य? आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. खेड्यात प्रत्येकास प्रत्येकाचे काहीतरी ठाऊक असते. पाटलास तंटा कळतो, सुइणीस घरातले दुःख कळते, शिक्षकास मुलाच्या तोंडून बापाचे व्यसन कळते, सावकारास शेजाऱ्याचे कर्ज कळते. आता तर खिशातील फोनमुळे कानावर पडलेली गोष्ट घटकेत दहा गावे फिरून येते. अशा वेळी आपण ऐकलेल्या गोष्टीचे काय करतो, ह्यावरून आपली पारख होते.

काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. हिंगोलीच्या हरीसिंगासारखा माणूस शेजारी असेल आणि कोणाचा जीव धोक्यात असेल, तर गप्प बसणे हे पाप होय. काही गोष्टी कधीही सांगू नयेत. दुसऱ्याच्या घरची विश्वासाने कळलेली गोष्ट त्यांत येते. आणि जी गोष्ट आपला स्वतःचा जीव, पैसा किंवा मान वाचविण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेऊन सांगावीशी वाटते, ती सांगण्यापूर्वी खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा आठवावी आणि दहादा विचार करावा. अंमलदारीने टेलर ह्यांस माणसांची नावे लिहून घ्यावयास शिकविले, आणि लेखणीने त्या नावांमागचा माणूस पाहावयास शिकविले. आपणांपैकी फार थोडे कादंबऱ्या लिहितील. परंतु कोणाविषयी काही बोलण्यापूर्वी त्या नावामागचा माणूस पाहणे हे कोणासही जमण्यासारखे आहे.

आमच्या तरुण वाचकांपैकी जे पोलीस खात्यात, कचेरीत अथवा वर्तमानपत्रात नोकरी धरतील, त्यांनी सुरपूरच्या टेकडीवरील तो बंगला एकदा पाहून यावा, आणि तुरुंगात 'अप्पा'पुढे बसूनही कोणाचे नाव न सांगणाऱ्या त्या तरुण राजाचे क्षणभर स्मरण करावे.